माळ्यावरची गाणी एका पेटीत

दोस्तांनो, तुमच्या घरात कॅसेटी आहेत का? ‘छे, आता कुठल्या कॅसेटी!’ म्हणून लगेच मान हलवू नका. आधी माळ्यावर बघा, पलंगाखालची ट्रंक ओढा, टीव्हीच्या कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा उघडा. चांदवडसारख्या गावात जुन्या घरांचे माळे खोल असतात आणि वस्तू टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. तिथं दहा-वीस कॅसेटी तरी निघतीलच. भावगीतं, भजनं, नाट्यगीतं, एखाद्या सिनेमाची गाणी... आणि या सगळ्यांत एखादी कॅसेट अशी, की जिच्यावर छापील चित्रच नाही. निळ्या शाईनं एवढंच लिहिलेलं : ‘आई, ओव्या.’

आता समजा, घरात ठरलं, की या सगळ्या कॅसेटी, कपाटातल्या सीडी आणि पेनड्राइव्हमधली गाणी एकाच ठिकाणी आणायची. आजोबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर अजून ठणठणीत आहेत, त्यांनाच ते जोडायचं. बाबा दुकानात गेले, तर दुकानदारानं एक चकचकीत पेटी दाखवली आणि तिचं भलंमोठं नाव सांगितलं, ‘ऑल-इन-वन डिजिटल म्युझिक सर्व्हर’! बाबा घरी येऊन तुम्हांलाच विचारणार, ‘काय रे, घ्यायची का?’ कारण मोबाईल अडला तरी घरात तुम्हांलाच हाक मारतात ना!

मग उत्तर तयार ठेवायला नको? चला तर.

चार कामं, एक पेटी

पेटी म्हटलं, की आपल्याला आधी बाजाची पेटी आठवते. पण ही पेटी स्वतः गात नाही. ती दुसऱ्यांनी गायलेलं सांभाळते. तिला मुख्य कामं चार.

पहिलं काम गाणी आत घेण्याचं. तोंडात सीडी घातली, की काही मिनिटांत ती सगळी गाणी उतरवून घेते. दुसरं साठवण्याचं. त्यासाठी आत हार्ड डिस्क किंवा एसएसडी असते. तिसरं काम शोधून देण्याचं. तुम्ही मोबाईलच्या पडद्यावर नाव शोधायचं आणि तिनं हजारो गाण्यांतून नेमकं तेच काढून द्यायचं. चौथं काम वाजवण्याचं. साठवलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून तो अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायचा. हे चौथं काम करणाऱ्या भागाला ‘डॅक’ म्हणतात. काही पेट्यांत अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा आतच असतो. पण आपल्या घरी तो आहे, तेव्हा त्याचे पैसे पुन्हा कशाला मोजायचे?

‘सगळं एकात’ ही कल्पना काही नवी नाही बरं का! आजोबांना विचारा, ते ‘टू-इन-वन’ची गोष्ट सांगतील. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात. केवढी ऐट होती त्याची! पण टेपचा पट्टा तुटला, की अख्खा डबा दुरुस्तीला जायचा आणि आठवडाभर बातम्यासुद्धा बंद. एकात सगळं असण्याची सोय तीच आणि गैरसोयही तीच. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आवाजाचे आकडे कसे होतात?

आपण बोलतो तेव्हा हवा थरथरते. ती थरथर कानाच्या पडद्यापर्यंत पोचली, की आपल्याला आवाज ऐकू येतो. कॅसेटमध्ये एका अरुंद प्लॅस्टिकच्या फितीवर लोखंडाच्या संयुगाची बारीक पूड लावलेली असते. आवाज जसा कमी-जास्त होईल, तसं त्या पुडीचं चुंबकत्व बदलतं. म्हणजे थरथरीचं जणू चित्रच फितीवर उमटतं. सी-६० कॅसेटमध्ये अशी जवळजवळ ९० मीटर फीत असते.

डिजिटल पद्धतीत चित्र नसतं, मोजमाप असतं. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी आवाजाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. एवढ्या वेळा कशासाठी? माणसाचा कान सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपनं ऐकू शकतो. एक कंपन नीट पकडायचं, तर त्याची दोनपेक्षा जास्त मापं घ्यावी लागतात. २०,००० ची दुप्पट ४०,०००. त्याहून थोडी जास्त मापं घेतली, की काम झालं. आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावरची एक पायरी असते. यालाच ‘१६ बिट’ म्हणतात, कारण २ चा १६ वा घात ६५,५३६ येतो. पडताळून बघा हवं तर!

करून पाहा : आलेख-कागदावर पेन्सिलीनं एक लाट काढा. तिच्यावर दर दहा घरांनी एकेक ठिपका द्या. आता दुसऱ्या कागदावर फक्त ते ठिपके उतरवा आणि मित्राला जोडायला सांगा. लाट ओबडधोबड येईल, एखादा चढ गायबही होईल. आता दर दोन घरांनी ठिपके देऊन पुन्हा तेच करा. या वेळी लाट जवळजवळ तुमच्यासारखीच आली ना? तुम्ही केलं ते ‘डिजिटल’ करणं. मित्रानं केलं ते ‘डॅक’चं काम.

जागा किती लागेल? हिशेब मांडा

दुकानदार म्हणेल, ‘चार टेराबाइटची घ्या, मोठी बरी!’ आपण मात्र आधी वही काढायची.

४४,१०० मापं गुणिले १६ बिट गुणिले डावा-उजवा असे २ आवाज. झाले दर सेकंदाला १४,११,२०० बिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ नं भागा : १,७६,४०० बाइट. मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट, तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट.

आता घरात समजा ४० कॅसेटी आणि ६० सीडी आहेत आणि प्रत्येक तासाभराची धरली, तर झाले १०० तास. म्हणजे ६३,५०० मेगाबाइट, सुमारे साडेत्रेसष्ट गिगाबाइट. एक टेराबाइट म्हणजे १,००० गिगाबाइट. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कमध्येसुद्धा घरातल्या गाण्यांच्या पंधरापट गाणी मावतील. चार टेराबाइट घेऊन त्यात काय कांदे भरायचे?

आणि ही जागा आणखी कमी करता येते. त्याच्या दोन तऱ्हा आहेत, त्यांतला फरक नीट समजून घ्या.

थंडी संपली, की आजी गोधडी घडी घालून ठेवते. जागा कमी लागते आणि पुढच्या थंडीत उलगडली, की टाकान् टाका जागच्या जागी. ‘फ्लॅक’ नावाची पद्धत अशी आहे. ती २००१ पासून सगळ्यांना फुकट वापरता येते. गाणं बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास जागेत बसतं आणि वाजवताना एकही आकडा हरवत नाही.

दुसरी तऱ्हा ‘एमपी-थ्री’. ही आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या बेदाण्यासारखी. बेदाणा छान लागतो, मूठभर जागेत मावतो, प्रवासाला न्यायला सोपा. पण त्याचं पुन्हा द्राक्ष होत नाही! एमपी-थ्री करताना कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग काढून टाकतात, तो परत मिळत नाही. तेव्हा घरातली मूळ प्रत ‘फ्लॅक’मध्ये ठेवायची. गाडीत किंवा मोबाईलवर ऐकायला त्यावरून एमपी-थ्री कधीही करता येते. उलट जाता येत नाही.

खरी मेख इथं आहे

आता त्या चकचकीत पेटीकडे पुन्हा बघा. तिच्या पुढच्या बाजूला सीडी घालायची फट आहे. कॅसेट घालायची जागा आहे का? नाही! टेपरेकॉर्डरची वायर जोडून आवाज आत घेता येईल, अशी खाच मागच्या बाजूला काही थोड्याच पेट्यांना असते. बाकीच्या फक्त सीडी खातात आणि आधीच डिजिटल झालेली गाणी घेतात.

मग गंमत काय होते बघा. छापील सीडीवरची बहुतेक गाणी आज दुसरीकडेही मिळतात. इंटरनेटवर ऐकता येतात, नाहीतर कुणाकडून तरी तीच सीडी मिळते. ‘आई, ओव्या’ ही कॅसेट मात्र साऱ्या जगात एकच आहे. म्हणजे लाखभर रुपये मोजून आणलेली पेटी पुन्हा मिळणारं सगळं पोटात घेते, आणि कधीही न मिळणारं तेवढं माळ्यावरच राहतं!

चांदवडचा रंगमहाल तुम्ही पाहिला असेल. अहिल्यादेवी होळकरांच्या काळातली ती लाकडावरची नक्षी आजही बघायला मिळते. पण त्या खांबांमध्ये लोक कसे बोलत होते, काय गात होते, त्यातला एक शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. अहिल्यादेवी गेल्या १७९५ साली आणि आवाज साठवणारं एडिसनचं यंत्र आलं १८७७ साली. आपल्या देशात गोहर जानच्या गाण्याची तबकडी निघाली ती १९०२ मध्ये. त्याआधीचे सगळे आवाज हवेत विरून गेले. आपण तर आवाज साठवता येणाऱ्या काळात जन्मलो. मग साठवलेला आवाजही आपल्या आळसानं जाऊ द्यायचा?

आणि आजीच्या ओव्यांना काय एवढं महत्त्व, असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त! बायका पहाटे दळता दळता गात, त्या ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचा संगणकानं अभ्यास करणारे संशोधक त्यांच्याबरोबर काम करू लागले आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण जमा झालं. २०१७ पासून या ओव्या ‘पारी’ या संस्थेनं सगळ्या जगासाठी खुल्या केल्या आहेत. त्या गाणाऱ्या कुणी नावाजलेल्या गायिका नव्हत्या, शेतात राबणाऱ्या बायका होत्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्याही थांबल्या. तुमच्या माळ्यावरची कॅसेट त्याच मोलाची आहे.

म्हणून पहिला नियम : आधी कॅसेट वाचवा, मग पेटी निवडा.

कॅसेट उतरवताना

कॅसेट हातात घ्या आणि वरच्या कडेला, फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला बघा. तिथं दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते शाबूत असतील, तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, की जुना आवाज पुसला जाईल. म्हणून मोलाची कॅसेट वाजवण्यापूर्वी ते तुकडे मोडून टाका. मग रेकॉर्डचं बटण दबतच नाही. केवढी साधी युक्ती!

फीत सैल असेल, तर षटकोनी पेन्सिल चाकात घालून हळूच गुंडाळा. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती मशीनमध्ये घालू नका, जाणत्या माणसाला दाखवा. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्या. हे काम मोठ्यांना बरोबर घेऊन करा आणि मशीनची वायर काढूनच करा. कॅसेटी मोठ्या स्पीकरला चिकटवून ठेवू नका, कारण स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो.

मग टेपच्या ‘लाइन आउट’ किंवा हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडायची. संगणकाला आवाज आत घ्यायची सोय नसेल, तर त्यासाठी यूएसबीचं छोटं यंत्र मिळतं. ‘ऑडॅसिटी’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात आवाजाची पट्टी हलताना दिसते, ती सर्वांत मोठ्या आवाजालाही लाल खुणेला टेकू देऊ नका. आवाज फाटला, की तो मागाहून शिवता येत नाही.

आणि घाई करून उपयोग नाही. सीडी काही मिनिटांत उतरते, पण तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो. चाळीस कॅसेटींना चाळीस तास. रोज एक म्हटली, तरी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत होऊन जातील. आणि आजीची कॅसेट उतरवताना घरातली वडीलधारी माणसं जवळ बसवा. मध्येच कुणीतरी म्हणेल, ‘अगं, हा तर आत्याचा आवाज!’ ते तेव्हाच वहीत टिपून ठेवा.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

आता पेटीकडे वळू. वही घेऊन जा आणि हे प्रश्न विचारा.

१. आत घातलेली गाणी बाहेर काढता येतात का? हा सगळ्यांत मोठा प्रश्न. पेटीतली गाणी साध्या फायली म्हणून दुसऱ्या डिस्कवर उतरवता आली पाहिजेत. काही यंत्रं आपल्याच खास पद्धतीनं साठवतात; यंत्र बंद पडलं, की गाणी आतच अडकतात. सोनी कंपनीनं १९८७ साली ‘डॅट’ नावाची डिजिटल टेप आणली आणि २००५ मध्ये तिची यंत्रं बनवणं थांबवलं. ज्यांनी वेळेत आवाज बाहेर काढून घेतला, त्यांचा वाचला. उलट उदाहरणही आहे. लॉजिटेक कंपनीनं ‘स्क्वीझबॉक्स’ नावाची वाजवायची यंत्रं २०१२ मध्ये बंद केली. पण त्यांचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं होतं. हौशी लोकांनी ते जिवंत ठेवलं आणि ती जुनी यंत्रं कित्येक घरांत त्यानंतरही वाजत राहिली. आज त्या सॉफ्टवेअरचं नाव ‘लिरिअन’ आहे.

२. डिस्क बिघडली तर बदलता येते का आणि कोण बदलून देईल? फिरणारी हार्ड डिस्क कधी ना कधी थकतेच. दुरुस्ती नाशिकला होईल, मुंबईला, की पेटी परदेशी पाठवावी लागेल? चांदवडहून नाशिक ६५ किलोमीटरच्या आसपास आहे, तिथवर जाणं जमेल. सिंगापूरला पेटी कोण नेणार?

३. इंटरनेट नसताना वाजते का? स्वतःच्या घरातलं गाणं ऐकायला कुणाची परवानगी कशाला? दुकानातच इंटरनेट बंद करायला सांगा आणि गाणं लावून बघा.

४. वीज अचानक गेली तर? आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली, तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून छोटा यूपीएस लावायचा. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पेटी बंद कपाटात कोंडू नका, तिलाही हवा लागते.

५. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येते का? जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं ‘ऑक्स’ लिहिलेली लाल-पांढरी भोकं असतात. पेटीच्या मागंही तशीच बाहेर आवाज देणारी भोकं हवीत. ‘फोनो’ लिहिलेल्या भोकात मात्र जोडू नका, ती तबकडीच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी असतात. आणि जाड दगडी भिंतींतून वाय-फाय नीट पोचत नाही, म्हणून साधी नेटवर्कची वायर जोडायची सोय आहे का तेही बघा.

६. आजोबांना चालवता येते का? हसू नका! मोबाईलशिवाय पेटी हूं की चूं करत नसेल, तर तुम्ही शाळेत गेल्यावर आजोबांनी काय करायचं? रिमोट आहे का, समोर बटणं आहेत का, अक्षरं मोठी दिसतात का, हे त्यांनाच दुकानात नेऊन दाखवा.

नाव नाही तर गाणं नाही

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. हजार गाण्यांतून एक गाणं सापडतं, ते त्याच्या नावावरून. प्रत्येक फायलीला एक चिठ्ठी लावता येते. गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, वर्ष वगैरे. तिला ‘टॅग’ म्हणतात. पेटी सीडी उतरवताना इंटरनेटवरच्या यादीतून हे टॅग आपोआप आणते. पण या याद्या मुख्यतः इंग्रजी गाण्यांसाठी घडलेल्या. मराठी सीडीचं नाव त्यांत नसतं, किंवा कुणीतरी रोमन अक्षरांत कसंही लिहिलेलं असतं. मग ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी ओळच्या ओळ समोर येते. शोधा आता!

हे काम आपणच करायचं. पेटीला देवनागरी अक्षरं नीट दिसतात का, हे आधी तपासा. जोडाक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसले, तर ती पेटी आपल्या कामाची नाही.

आणि टॅग भरताना नीट भरा. नुसतं ‘पलुस्कर’ लिहून भागत नाही. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणारे आणि पुढं नाशिकला आश्रम स्थापणारे ते विष्णू दिगंबर पलुस्कर. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे द. वि. पलुस्कर, ते भजनं आणि ख्याल गाणारे. द. वि. १९५५ साली अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरचा त्यांचा आवाज लाँगप्लेवर गेला, तिथून कॅसेटवर, तिथून सीडीवर आणि आज मोबाईलवर. भांडी बदलत गेली, गाणं टिकलं. कारण दर वेळी कुणीतरी ते एका भांड्यातून दुसऱ्यात काळजीनं ओतलं आणि वर नाव लिहिलं.

नाट्यगीत असेल, तर नाटकाचं नाव, राग माहीत असेल तर तोही लिहा. आणि घरच्या ध्वनिमुद्रणाला गाणारीचं नाव, गाव, साल, सण. दुसरं कोण लिहिणार ते?

तीन वाटा

बाजारात तुमच्यापुढं साधारण तीन वाटा असतात.

पहिली, तयार ऑल-इन-वन पेटी. आणली, जोडली, सुरू! आवाज उत्तम, दिसायला देखणी, डोक्याला ताप कमी. बाहेरून येणाऱ्या नावाजलेल्या पेट्यांची किंमत मात्र सहज लाखापुढं जाते. घरात शेकडो सीडी असतील आणि संगणकाशी खेळायची कुणाला हौस नसेल, तर ही वाट बरी. पण वरचे सहा प्रश्न विचारूनच.

दुसरी, स्वतः जुळवायची पेटी. ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला, तो खास शिकणाऱ्या मुलांसाठी. त्याला एक छोटं डॅक आणि बाहेरची एसएसडी जोडायची. ‘व्हॉल्युमिओ’ किंवा ‘मूड’ यांसारखं सॉफ्टवेअर त्यात घातलं, की झाला सर्व्हर. खर्च तयार पेटीच्या कितीतरी कमी, आणि एक भाग बिघडला, तर तेवढाच बदलायचा. टू-इन-वनची आठवण झाली ना? मात्र जुळवायला चिकाटी लागते. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधत असाल, तर याहून झकास दुसरा नाही!

तिसरी, काहीच न घेण्याची. घरातल्या जुन्या लॅपटॉपला यूएसबीचं डॅक लावा, ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. सुरुवातीला एवढंही पुरे. वर्षभर वापरून आपल्याला नेमकं काय हवं ते कळलं, की मग पैसे खर्च करा.

आणि २०१७ मध्ये निघालेला ‘कारवाँ’? आजी-आजोबांना आवडणारी हजारो गाणी त्यात आधीच भरलेली असतात आणि चालवायलाही तो सोपा. पेनड्राइव्हही लावता येतो. पण आतल्या गाण्यांचा साठा कंपनीनं ठरवलेला, आपण जमवलेला नव्हे. तो ऐकायला छान, घरचा संग्रह सांभाळायला नाही.

आमचं मत विचाराल, तर चाळीस कॅसेटी आणि साठ सीडींच्या घराला दुसरी वाट किंवा तिसरी. वाचलेल्या पैशातून एक चांगला टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घ्यावा. कारण चालू टेप आज दुर्मीळ होत चालली आहे, आणि तीच नसेल, तर महागड्या पेटीलाही ओव्या ऐकू यायच्या नाहीत.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

शेवटचा नियम घोकून ठेवा : तीन, दोन, एक. प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत पेटीतल्या डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी नाशिकच्या मावशीकडे किंवा पुण्याच्या काकांकडे. आपला सगळा संग्रह साठ-सत्तर गिगाबाइटचा, म्हणजे १२८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवरसुद्धा मावेल. पुढच्या वेळी मावशी आली, की तिच्या पर्समध्ये टाकून द्या!

कायद्याचंही एक लक्षात असू द्या. विकत घेतलेलं गाणं स्वतःच्या घरात ऐकायला उतरवणं वेगळं आणि त्याच्या प्रती काढून वाटणं किंवा विकणं वेगळं. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मालकाचा हक्क असतो. गीत आणि चाल यांचे हक्क आणखी निराळे. आजीच्या ओव्यांची प्रत मात्र आत्याला, काकाला, मामेभावंडांना खुशाल द्या. आधी आजीला विचारून, बरं का! कारण तो आवाज तिचा आहे.

मग कामाला कुठून लागायचं? पेटीपासून नव्हे, वहीपासून. येत्या रविवारी घरातली प्रत्येक कॅसेट हातात घ्या आणि तिच्यासमोर दोनच गोष्टी लिहा : हिच्यावर कुणाचा आवाज आहे, आणि हा आवाज दुसरीकडं कुठं मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या कॅसेटीपुढं ‘नाही’ येईल, तिच्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारा. लाल फुलीवाल्या कॅसेटी आधी उतरवा. बाकीच्यांना वेळ आहे, त्यांना नाही.